बोटातला अकीक आणि बावा गोर यांचा वारसा



गुरुपौर्णिमा जवळ आली की आपल्या चिकपेटच्या सत्संगात दरवर्षी एका सत्पुरुषाचे स्मरण होते. खाली साड्यांची दुकाने, मागच्या बोळात गलाईच्या भट्ट्या आणि वर माडीवरच्या खोलीत आपण पंधरा-वीस जण. आजवर आपण बहुतेक आपल्या परिचयाच्या संतांचे चरित्र ऐकले. या वर्षी मी ज्यांच्याविषयी सांगणार आहे, त्यांचे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेही नसेल. त्यांच्या नावाशी जोडलेला खडा मात्र कित्येकांच्या बोटात आहे. ते सत्पुरुष म्हणजे आफ्रिकेतून भारतात आलेले बावा गोर.

त्यांच्याकडे मी कशी वळले, ते आधी सांगते. सांगताना मान खाली जाते, पण सत्संगात झाकून काय ठेवायचे?

मागच्या हिवाळ्यात चिकपेटमध्ये एका दुकानात उभी होते. मुलीच्या लग्नाची खरेदी चालली होती. गर्दी खूप. माझ्या शेजारी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. काळा वर्ण, दाट कुरळे केस. मी काही विचार केला नाही, विचार करायला वेळच मिळाला नाही. माझा हात आपोआप पर्सवर गेला आणि मी ती छातीशी ओढून घेतली. त्या बाईंनी ते पाहिले. मग शांतपणे म्हणाल्या, "अक्का, जरा सरकता का? मला ती कतरणांची पिशवी बघायची आहे."

मराठीच होती ती. हळियाळकडच्या वळणाची, मधे कोकणीचा सूर असलेली, पण आपल्यासारखीच मराठी. मी इतकी ओशाळले की काहीतरी बोलायचे म्हणून विचारले, "तुम्ही कुठल्या?"

"हळियाळची."

"नाही, म्हणजे मूळच्या?"

त्या हसल्या. "मूळची पण हळियाळचीच. माझी पणजी तिथेच गेली. तुम्ही कुठल्या, अक्का?"

"आम्ही साताऱ्याकडचे. इथे तीस वर्षं झाली."

"मग बाहेरच्या तुम्ही झालात," त्या म्हणाल्या आणि कतरणे निवडू लागल्या.

घरी आल्यावर हात धुताना माझे लक्ष अंगठीकडे गेले. त्यात लाल अकीक आहे. मन शांत राहावे म्हणून कोणीतरी सांगितले होते, म्हणून बारा वर्षे घालते आहे. त्याच हाताने मी पर्स ओढून घेतली होती. अकीक कुठून येतो, कोण घडवतो, याची चौकशी करावी असे त्या दिवशी पहिल्यांदा वाटले. ती चौकशी मला बावा गोर यांच्यापर्यंत घेऊन गेली.

गुजरातेत भरूच जिल्ह्यातील झगडिया तालुक्यात रतनपूर नावाचे गाव आहे. तिथल्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. या टेकड्यांच्या परिसरात जमिनीखाली अकीकाचे दगड सापडतात. गुजरातेतला सिद्दी समाज, म्हणजे शतकानुशतके आफ्रिकेतून येत राहिलेल्या माणसांचे वंशज, बावा गोर यांना आपले आद्य वडील मानतो. परंपरा सांगते की त्यांचे नाव सिदी मुबारक नोबी. त्यांचा जन्म हबश देशातला, म्हणजे ज्याला पूर्वी अबिसिनिया म्हणत त्या भूमीतला. तेथून ते अरबस्तानात आले, इराकमध्ये रिफाई परंपरेत त्यांनी साधना केली आणि गुरूंच्या आज्ञेने समुद्र ओलांडून गुजरातेत आले. त्यांचे बंधू बावा हबश आणि भगिनी माई मिस्रा यांचेही स्मरण त्यांच्याबरोबर केले जाते.

अकीकाचे काम गुजरातेत फार जुने, हडप्पा संस्कृतीच्या काळापासूनचे आहे. पण पुढच्या काळात या धंद्यातल्या माणसांनी आपला पीर मानले ते बावा गोर यांना. अकीकाच्या एका जातीला 'बाबागोरी' असे त्यांचेच नाव मिळाले. हे मणी खंभातच्या बंदरातून अरबस्तानात जात आणि पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरही जात. म्हणजे ज्या भूमीने एक साधक इकडे पाठवला, तिच्याकडे त्याच्या टेकडीतले दगड मणी होऊन परत गेले.

बावा गोर यांनी ग्रंथ लिहिला नाही. त्यांची वचने कोणी संकलित केलेली नाहीत. मग त्यांच्याकडून शिकायचे काय? त्यांच्याविषयी जे सांगितले जाते आणि त्यांच्या नावाने जे केले जाते, त्यात तीन गोष्टी मला दिसल्या.

पहिली गोष्ट त्यांच्या नावातच आहे. परंपरेप्रमाणे 'गोर' हे नाव त्यांना गुरूंनी दिले. ते आले 'गौर' या शब्दावरून. हिंदीत आपण 'गौर करना' म्हणतो तोच हा शब्द. खोल उतरून विचार करणे, ध्यानात बुडून जाणे. शिष्याची बुडून जाण्याची वृत्ती पाहून गुरूंनी त्याला हे नाव दिले, असे सांगतात. पाहा, जन्माने मिळालेले नाव, देशाचे नाव, वर्णाचे नाव सगळे मागे राहिले आणि साधनेचे नाव पुढे चालले. आपणही रोज ध्यानाला बसतो. डोळे मिटून वीस मिनिटे काढणे आणि खोल उतरणे यांत अंतर आहे. दुकानातल्या त्या एका क्षणी माझे ध्यान पृष्ठभागावरच तरंगत असल्याचे मला कळले. आत शांती असती तर हात पर्सकडे गेला नसता. माणूस निवांत बसलेला असताना त्याची साधना दिसत नाही. ती दिसते अनोळखी माणूस शेजारी येऊन उभा राहतो तेव्हा.

दुसरी गोष्ट अग्नीची. रतनपूरच्या परिसरात जमिनीतून निघालेला अकीक पाहिला तर कोणी हातात घेणार नाही. मळकट, पिवळट, साधा गोटा. तो आधी उन्हात पुष्कळ दिवस वाळवतात. मग मातीच्या मडक्यांत भरून शेणाच्या गोवऱ्यांच्या आचेत भाजतात. दगडात मुळातच लोहाचा अंश असतो. आचेने तो पालटतो आणि दगड लाल होतो. बाहेरून रंग लावावा लागत नाही. आत होते तेच उष्णतेने वर येते. आच एकदम दिली तर दगड फुटतो. म्हणून आधी ऊन, मग मंद आच, मग आपोआप निवणे.

हे सांगितले तेव्हा आपल्या सत्संगातले गलाईवाले काका चटकन म्हणाले, "ताई, आमचंही तेच. मुशीत सोनं घातलं की आम्ही घाई करत नाही." विटा, खानापूर, आटपाडी या भागांतून आलेली आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या देशभर हेच काम करत आली आहेत. भट्टी, मूस, तेजाब आणि शेवटी टंच. त्यांना हा उपदेश समजावून सांगावा लागत नाही. साधकाने आपल्यावर येणाऱ्या आचेकडे असेच पाहायला हवे. कोणी अपमान केला, कोणी चूक दाखवली, एखादीने हसत हसत "मग बाहेरच्या तुम्ही झालात" म्हटले, तर ती आच आहे. फुटायचे की रंगायचे, एवढे आपल्या हाती असते.

पण इथे आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. खंभातमध्ये अकीक घासून झिलई देणाऱ्या कारागिरांच्या फुप्फुसांत दगडाची बारीक धूळ बसते. त्यातून सिलिकोसिस नावाचा आजार होतो. तो बरा होत नाही, आणि कित्येक कारागीर ऐन उमेदीत खोकून खोकून गेले आहेत. तेजाबाच्या धुराने आपल्या गलाई बांधवांच्या छातीचे काय होते, हे आपल्याला ठाऊकच आहे. मन शांत करणारा खडा कोणाच्या तरी श्वासाच्या मोलाने घडलेला असतो. तो बोटात घालताना त्या हातांना मनोमन नमस्कार करायला मी आता शिकते आहे.

तिसरी गोष्ट माई मिस्रांची. कथा अशी सांगतात की टेकडीवर एका आसुरी शक्तीचा अंमल होता आणि ती स्त्रीरूपात होती. भावांना तिच्यावर हात उचलता येईना. तेव्हा बहीण पुढे आली आणि जे काम भावांकडून झाले नाही ते तिने केले. आजही बावा गोर यांच्या दर्शनाला गेलेला माणूस माई मिस्रांचे दर्शन घेतो. सिद्दींच्या गोमामध्ये जी नारळाच्या करवंटीची खुळखुळी वाजते, ती माई मिस्रांच्याच नावाने ओळखली जाते. थोर पुरुषाने बहिणीला पुढे होऊ दिले आणि समाजाने ते विसरू दिले नाही, ही किती मोठी गोष्ट आहे!

हाच धागा आजपर्यंत आला आहे. गीरमधल्या जांबूर गावच्या हिराबाई लोबी या सिद्दी भगिनीने आपल्या समाजातल्या स्त्रियांना एकत्र करून बचत, शेती आणि मुलांचे शिक्षण यांसाठी आयुष्य वेचले. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माई मिस्रांची आठवण करून द्यायला त्यांच्याहून जवळचे उदाहरण कोणते?

गोमाविषयीही दोन शब्द. 'गोमा' हा शब्द पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतल्या 'ङ्गोमा' या शब्दाशी जुळतो. त्याचा अर्थ ढोल, आणि ढोलावरचे नाचणेही. मुगरमान नावाचा उभा ढोल वाजतो, मलुंगा नावाचे भोपळा बांधलेले एकतारी धनुष्य वाजते आणि माणसे गोल धरून नाचतात. तोंडी जी गाणी असतात त्यांना ते झिकर म्हणतात, म्हणजे नामस्मरण. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर पावली घालणाऱ्या वारकऱ्यांच्या लेकरांना यात परके काय वाटावे? नाम ओठांवर, ठेका पावलांत, आणि 'मी' कुठेतरी मागे राहिलेला. रस्ता वेगळा, चालणे तेच.

बावा गोर यांच्या टेकडीवर केवळ सिद्दी येत नाहीत. हिंदू येतात, मुसलमान येतात, पारशी येतात. मुंबईत त्यांचे चिल्ले आहेत आणि तिथेही पारशी कुटुंबांनी मनोभावे दिवे लावले आहेत. आपल्या बेंगळुरूच्या पेठेला ही रीत नवी नाही. चैत्र पौर्णिमेच्या रात्री धर्मरायस्वामींच्या मंदिरातून करग निघतो आणि या अरुंद गल्ल्यांतून जाताना कॉटनपेटच्या तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्याशी थांबतो. आपण कित्येक वर्षे दाराशी उभे राहून ते पाहतो, हात जोडतो. पेठेने आपल्याला हे शिकवलेले आहे. आपणच ते अर्धे शिकलो.

अर्धे का, ते सांगते. पीराला हात जोडणे सोपे आहे. पीर बोलत नाही, शेजारी येऊन उभा राहत नाही, घर भाड्याने मागत नाही. त्याची लेकरे समोर आली की आपली परीक्षा सुरू होते.

आपल्या मराठी मनात 'सिद्दी' म्हटले की जंजिरा उभा राहतो. इतिहासात वैर होते, ते खरे आहे. पण इतिहास तेवढाच नाही. हबश देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. पुढे हेच शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत बेंगळुरूला आले, ही जहागीर त्यांना मिळाली आणि या शहरात मराठी बोल रुजले. आपण चिकपेटमध्ये मराठी सत्संग करतो, त्या वाटेवर मागे कुठेतरी एक आफ्रिकी वडीलधारा उभा आहे. वैर तेवढे लक्षात ठेवावे आणि ऋण विसरावे, हे साधकाला शोभत नाही.

आपल्याच राज्यात, उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हळियाळ, मुंडगोड, अंकोला या भागांत सिद्दींची वस्ती आहे. धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतही आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम आणले. त्यांतले जे निसटले त्यांनी घाटावरचे जंगल गाठले. आजच्या सिद्दींपैकी अनेकजण त्यांचेच वंशज. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत आणि तरीही ते एकमेकांना एकाच कुळाचे मानतात. या समाजाचा अनुसूचित जमातींत समावेश २००३ मध्ये झाला. २०२० मध्ये शांताराम सिद्दी हे कर्नाटक विधान परिषदेत गेलेले या समाजाचे पहिले सदस्य ठरले.

त्यांची एक रीत मला फार भावली. तिला ते 'हिरियारू' म्हणतात. कन्नडमध्ये याचा अर्थ वडीलधारी मंडळी. घरातल्या गेलेल्या वडीलधाऱ्यांना ते दूर गेलेले मानत नाहीत. त्यांना नारळ ठेवतात, बोलावतात, घरातली सुखदुःखे सांगतात, चुकले तर क्षमा मागतात. गुरूंचा वारसा म्हणजे काय, याचे याहून सरळ उत्तर मला सापडले नाही. वडीलधारा ज्या घरात अजून बसलेला आहे, तिथे आपण वाटेल तसे वागत नाही.

आणि त्या बाई कतरणे कशासाठी घेत होत्या? कवंदीसाठी. कवंदी म्हणजे त्यांची गोधडी. जुन्या साड्या, लुगडी, कतरणे जोडून काठाकडून आत टाके घालत जातात. चारही कोपऱ्यांत कापडाची घडी घातलेली त्रिकोणी फुले लावतात. फुलांवाचून कवंदी उघडी राहते, असे तिथल्या बाया मानतात. कोणाचे काय उरले, कोणाचे काय फाटले, सगळे एकत्र येते आणि लेकराला ऊब देते. आपल्या आज्यांनी शिवलेल्या वाकळेत आणि तिच्यात काय फरक आहे?

आता सर्वांत अवघड भाग. आपल्या शहरात आफ्रिकेतल्या अनेक देशांतून मुले-मुली शिकायला येतात. त्यांना पाहून आपण काय बोलतो, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. 'हबशी' हा एका देशाच्या नावावरून आलेला शब्द आपण शिवीसारखा वापरतो. घर भाड्याने द्यायची वेळ आली की सबबी निघतात. ३१ जानेवारी २०१६ च्या रात्री याच शहराच्या उत्तर भागात एका परदेशी माणसाच्या गाडीने अपघात झाला आणि त्या अपघाताशी काहीही संबंध नसलेल्या टांझानियाच्या एका विद्यार्थिनीला जमावाने गाडीतून ओढून मारले. का? तिचा वर्ण तसा होता म्हणून. आपण त्या जमावात नव्हतो. पण जमाव एका रात्रीत तयार होत नाही. दुकानात पर्स छातीशी ओढणारे हात, बसमध्ये शेजारची रिकामी राहणारी जागा, दाराआडची कुजबुज, हे सगळे साठत जाते आणि एके रात्री त्याचा जमाव होतो. माझ्या हाताने त्यात थोडी भर घातली होती. हे मान्य केल्यावाचून मला या गुरुपौर्णिमेला फूल वाहता येणार नाही.

म्हणून, आत्मीय साधकहो, बावा गोर यांचे स्मरण करताना आपण तीन छोटे संकल्प करू या.

पहिला संकल्प वाणीचा. 'हबशी', 'काळा' हे शब्द आपल्या तोंडून हिणवण्यासाठी निघणार नाहीत, आणि घरात कोणाच्या तोंडून निघाले तर आपण हसून सोडून देणार नाही. नातवाला शांतपणे समजावू. मोठ्यांनाही समजावू.

दुसरा संकल्प व्यवहाराचा. ज्यांची दुकाने आहेत त्यांनी सर्वांना एकच भाव सांगावा. ज्यांची खोली भाड्याने द्यायची आहे त्यांनी वर्ण पाहून दार लावू नये. जे गिऱ्हाईक आपल्यासारखे दिसत नाही त्याला आधी पाणी विचारावे.

तिसरा संकल्प साधनेचा. पुढचे एकवीस दिवस, ध्यानाला बसण्यापूर्वी, त्या दिवशी भेटलेल्या एका अनोळखी माणसाचा चेहरा डोळ्यांसमोर आणावा आणि त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करावी. ज्याच्याविषयी मन आक्रसले होते, त्याचाच चेहरा आधी आणावा. दोन मिनिटे पुरेत. खोल उतरण्याची ही पहिली पायरी आहे, आणि बावा गोर यांच्या नावाचा अर्थही तोच.

मी अंगठी काढून टाकली नाही. आधी वाटले होते काढावी. मग ठरवले, राहू दे. हात पुन्हा कधी चुकीच्या दिशेने निघाला तर ती डोळ्यांना दिसेल. त्या हळियाळच्या ताई पुन्हा भेटल्या नाहीत. चिकपेटमध्ये गेले की कतरणांच्या दुकानाशी पाय रेंगाळतात. भेटल्या तर त्यांची क्षमा मागायची आहे आणि त्यांच्याकडून कवंदीचा एक टाका शिकायचा आहे. तोवर शेजारी जो कोणी येऊन उभा राहील, त्याच्यासाठी आपण होऊन जरा सरकायचे, एवढे मी करते आहे.

आपल्या सर्वांच्या अंतःकरणातील मळ साधनेच्या आचेत जळून जावो आणि आत दडलेला रंग वर येवो, हीच गुरुचरणी प्रार्थना.

सर्वांचे कल्याण होवो. हरि ॐ.